तुम्ही विचारलंत म्हणून: फॉन्ट सरळ का नाही काढला?

“तुमचं अक्षर एवढं वळणदार, मग फॉन्टच असा झोकांड्या खाणारा का?” लग्नात विचारतात, दवाखान्यात विचारतात, परवा सोलापुरात नवी पेठेत चादरीच्या दुकानात गल्ल्यावरून विचारलं. एकदाच सांगून टाकतो.

झोकांड्या नाही खात तो. शिरोरेघ नीट बघा. प्रत्येक अक्षराची रेघ दोन्ही टोकांना एकाच उंचीवर आहे; झोळ फक्त मधे, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा. टोकं वरखाली केली असती तर शेजारचं अक्षर जुळलंच नसतं. ‘क’ आणि ‘म’ तीन-तीन काढलेत, नाहीतर ‘काका’, ‘मामा’मधली अक्षरं जुळी दिसतात आणि हातचं असल्याचं सोंग उघडं पडतं. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षराअक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, मूळ देवनागरी तक्त्यात १२८ जागा, त्यात जोडाक्षरांना वेगळी जागा नाही. ती एकेक बसून काढलीत. ‘गड्डा’, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, त्यातल्या ‘ड्ड’नं आठवडा खाल्ला.

शेंगा चटणीचं पाकीट, पाळणाघर, गड्ड्यातली भज्यांची पाटी, हे त्याचं काम. पाकिटामागचा बारीक मजकूर त्यात लावलात तर वेलांट्या बुजणारच.

पूर्व भागातल्या एका मित्राचे वडील गेले. जन्म यंत्रमागावर गेलेला माणूस. तिसऱ्याला गेलो, तर गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, माझ्या फॉन्टात. ‘भ’चं पोट पुढे आलेलं, अनुस्वार चेंडूसारखा उडालेला, ‘ली’ची वेलांटी टोपीसारखी तिरकी. मित्राच्या थोरल्या भावानं विचारलं, “हे तुझंच ना?” मी म्हणालो, “डीटीपीवाल्यानं लावलंय.” खोटं नव्हतं. फॉन्ट फुकट दिलेला, कुणीही लावणार.

पण फ्लेक्स दिसल्याबरोबर माझ्या मनात काय आलं, ते त्याला सांगितलं नाही. आलं ते असं, की एवढा मोठा केल्यावर ‘द्ध’ काय झकास बसलाय! काकांचा फोटो त्यानंतर दिसला.

त्याच रात्री फॉन्टाच्या सूचनेत ओळ घातली: दुखवट्यासाठी वापरू नये. अक्षर ते अक्षर, त्याला कसला आलाय प्रसंग, असं त्याआधी मी चारचौघांत ऐटीत म्हणायचो. ते चूक होतं असंही आज म्हणवत नाही. कारण वर्षभरानं एका बाईंचा फोन आला. मिस्टर जत्रेत पाळणा चालवायचे, वर्षश्राद्धाच्या पत्रिकेला हेच अक्षर हवं. “ते गंभीर अक्षर त्यांचं वाटतच नाही हो.” मी ओळ काढून टाकली.

मित्राचे वडीलही थट्टेखोर होते, हे आत्ता लिहिताना आठवतंय. नेमकं आत्ताच बरं आठवलं!

मित्र भेटतो, चहा होतो, तो विषय निघत नाही. ‘द्ध’ जरा शांत करावा म्हणून फाईल दोनदा उघडली. दोन्ही वेळा तशीच बंद केली.