रात्री मशीन काढल्यावर

मुंबई–गोवा क्रूझचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना एकच काळजी, मला बोट लागेल का. मी रत्नागिरीची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं गावी जायचो, खोल पाण्यात उभ्या बोटीतून मचव्यात उतरायचो. बोट मला लागत नाही. मला काळजी होती ती रात्रीची.

दोन्ही कानांत मशीन घालायला लागून नऊ वर्षं झाली. माझे वरच्या पट्टीचे आवाज गेलेत. स, श, फ नुसते अंदाजानं ओळखायचे. खर्जातलं अजून बरंच ऐकू येतं. दिवसा निभतं, पण झोपताना मशीन काढून डबीत ठेवते. धुराचे नेहमीचे अलार्म साधारण ३००० हर्ट्झवर वाजतात. माझ्या कानांतून नेमका तोच भाग गेलाय.

तिकीट काढताना एजंटला हे सांगितलं होतं. बोटीवर काहीच पोचलेलं नव्हतं. भावजय म्हणाली, "ताई, आधी जेवून घेऊ या." मी म्हटलं, आधी काउंटर. तिथल्या मुलीनं माझ्याकडे तोंड करून, सावकाश, सगळं विचारलं. केबिन नंबर लिहून घेतला आणि आणीबाणीत मला उठवायला कोण येईल ते त्या माणसाला बोलावून दाखवलं. तो चेहरा बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला. बऱ्याच मोठ्या बोटींवर उशीखाली थरथरणारं आणि दारावरची थाप दिव्यानं दाखवणारं किट मिळतं. मात्र ते आधीच मागावं लागतं, आणि बोटीकडून लेखी होकार घ्यावा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका, हे मी पोटतिडकीनं सांगते आहे.

सेफ्टी ड्रिलला मी सगळ्यांत पुढे उभी राहिले. लाउडस्पीकर घुमत होता, शब्द कळेनात, म्हणून खाणाखुणा बघितल्या. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जायचं. भावजयीला रात्री माझ्याच खांद्याशी झोपायला लावलं.

डेकवर वारा थेट मशीनच्या माइकवर आदळतो, कापड फाडल्यासारखा आवाज येतो. ओढणी कानांवरून घेतली की बरं वाटतं. खाऱ्या दमट हवेसाठी सिलिका जेलची डबी नेली होती, दोन्ही मशीनं रात्रभर त्यात. माझ्या बॅटऱ्या ३१२ नंबरच्या, तपकिरी स्टिकरच्या. त्या हवेवर चालतात, म्हणून स्टिकर काढून दोनेक मिनिटं तशाच ठेवायच्या, मग बसवायच्या. दोन पाकिटं पर्समध्येच ठेवली, मोठ्या बॅगेत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ करून कोपऱ्यात बसायचं, एवढं पुरतं.

बोटीनं धक्का सोडला तेव्हा मी कठड्याशी होते. वारा फार होता, म्हणून मशीन काढून मुठीत धरली. आणि भोंगा झाला. तो खर्जातला, लांब. उघड्या कानांनी ऐकला मी, कठड्यावरच्या हातातून छातीपर्यंत ऐकला. आगबोटीचाही असाच असायचा. मचव्यात आईच्या मांडीवर बसून ऐकलेला. भावजय काहीतरी विचारत होती. तिचा हात धरून कठड्यावर ठेवला.