प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून माझा पहिला ऊसतोडीचा हंगाम

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक विद्यार्थी असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद मिळते. बीड जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ६३ होता, त्यामुळे आम्हा तिघा शिक्षकांत ज्येष्ठ म्हणून पदभार माझ्याकडे आला आणि चौथीचा वर्गही माझ्याकडेच राहिला. पोषण आहाराची नोंदवही, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, बँकेच्या फेऱ्या हे सारे कष्टाचे असले तरी शिकून घेता आले. ज्याची कुठल्याच प्रशिक्षणात तयारी झाली नव्हती, ते दसऱ्यानंतर समोर आले.

मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी टोळीबरोबर निघू लागली, तेव्हा मी घरोघर जाऊन मुलांना गावातच आजी-आजोबांजवळ ठेवण्याची विनंती करू लागले. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची, म्हणजे दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होणार होती. बहुतेक आयांनी ऐकले. माझ्याच वर्गातील एका मुलीची आई मात्र म्हणाली, "बाई, तुमचं खरं हाय, पर आम्ही दोघं फडात असल्यावर धाकट्याला कोण सांभाळंल?" दीड वर्षाच्या बाळाची सोय माझ्याकडे नव्हती. स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावे यासाठी असलेले शिक्षण हमी पत्र भरून मी त्या मुलीच्या हाती दिले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मागे राहिलेल्या मुलांचे दुःख निराळे होते. दुसरीतला एक मुलगा रोज जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी उभा राहत असे. एका रात्री त्याला ताप भरला, त्याच्या आजीने मला फोन केला आणि त्याच्या वडिलांचा फोन पहाटेपर्यंत लागला नाही. आमच्यातील नव्या शिक्षिका वर्गातून बाहेर येऊन रडत, तेव्हा त्यांना धीर देणे माझे काम होते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे मानधन रखडले, तेव्हा त्यांचा रागही मीच ऐकून घेतला, आणि तो रास्त होता. प्रमुखाने डळमळीत दिसू नये, असे मी स्वतःला बजावले होते. परिणाम असा झाला की घरी मी माझ्याच मुलावर विनाकारण ओरडू लागले.

डिसेंबरच्या शिक्षण परिषदेनंतर, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीनंतर, शेजारच्या गावच्या ज्येष्ठ मुख्याध्यापकांनी मला विचारले, "मॅडम, तुम्ही हे सगळं कुणाशी बोलता?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना फोन करू लागले. त्यांनी उपाय क्वचितच सुचवले, पण ते ऐकून घेत. सहकाऱ्यांनाही मी सांगितले की मलाही हे जड जाते. मला वाटत होते तसा त्यांचा धीर खचला नाही. उलट त्या फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या मुलाजवळ त्या आपणहून जाऊन बसू लागल्या.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. चौथीतल्या त्या मुलीने हमी पत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले होते, पण त्यावर कुठल्याही शाळेची नोंद नव्हती. ती भावाला कडेवर घेऊनच वर्गाच्या दारात उभी राहिली आणि मी दोघांनाही आत बसवून घेतले.