घरामागे टर्फ कोर्ट: दोन रोल, एक जोड

टर्फ म्हणजे कृत्रिम गवत टाकायचं ठरलं की जो तो आधी गवताचे नमुने हातात घेऊन कुरवाळत बसतो. नमुने दाखवणाऱ्या माणसाने आम्हाला एकच विचारलं, "ताई, यावर काय खेळणार?" पुढचे सगळे निर्णय या प्रश्नातूनच निघाले.

फुटबॉलचं टर्फ 40 ते 60 मिलिमीटर उंच असतं आणि त्यात रबराचे दाणे भरतात. टेनिसचा टप्पा मात्र त्यावर मरतो. टेनिसला 10 ते 20 मिलिमीटरचं आखूड, वाळू भरलेलं टर्फ लागतं. दोन्ही खेळ एकाच गवतावर उत्तम होतील असं कोणी सांगितलं तर खुशाल समजावं की त्याला माल खपवायचा आहे. आम्ही 15 मिलिमीटरचं घेतलं. मुलाचं तोंड दोन दिवस वाकडं होतं, पण हलक्या चेंडूने त्यावर फुटबॉलही खेळता येतो.

घरामागे पूर्ण टेनिस कोर्ट बसणं शक्यच नव्हतं. त्याला 23.77 बाय 10.97 मीटर जागा लागते, शिवाय चारी बाजूंना मोकळी जागा वेगळी. मुलांचं लाल चेंडूचं कोर्ट मात्र साधारण 11 बाय 5.5 मीटरचं, जाळी 80 सेंटिमीटरची आणि चेंडू नेहमीच्यापेक्षा 75 टक्के मंद. ते आरामात बसत होतं. टर्फचे रोल 4 मीटर रुंदीचे मिळत होते, म्हणून कोर्टाचं एकूण माप आम्ही 15 बाय 8 धरलं. दोन रोल, मधोमध एकच जोड, कापाकापी जवळपास नाही. हौसेने साडेआठ मीटर धरलं असतं तर अर्ध्या मीटरसाठी तिसरा रोल फाडावा लागला असता.

20 सेंटिमीटर खोदाई ऐकायला किरकोळ वाटते. पण 120 चौरस मीटरवर तेवढं खोदलं की 24 घनमीटर माती निघते, आणि मोकळी झाली की ती आणखी फुगते. ती जाणार कुठे हे खोदायच्या आधी ठरलेलं असावं. जमिनीखालचे पाइप आणि केबल कुठून गेलेत तेही आधीच बघून घ्यावं.

खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड, त्यावर खडीचे थर, प्रत्येक थर वेगळा दाबलेला, सगळ्यात वर दगडाची बारीक भुकटी. ढाळ एका बाजूला, मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे 8 मीटरला 8. मिस्त्री म्हणाले, "ताई, वरून गवतच येणार, खालचं कोण बघतंय?" मी म्हटलं, "चेंडू बघतो, मिस्त्री." मग ॲल्युमिनियमची तीन मीटरची पट्टी भुकटीवर आडवी-उभी फिरवायची, जिथे खालून उजेड दिसेल तिथे मूठभर भुकटी टाकायची, पाणी शिंपडायचं, पुन्हा दाबायचं. अख्ख्या कामात सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम हेच. शेवटी नळी सोडून पाहिली. पाणी कुठे थबकलं नाही, तेव्हाच रोल आत आणू दिले.

रोल उलगडून काही तास तसेच उन्हात पडू द्यावेत, घडीच्या सुरकुत्या आपोआप निघून जातात. दोन्ही रोलचं गवत एकाच दिशेला झुकलेलं हवं. एक उलटा पडला तर कोर्टाच्या दोन अर्ध्यांचा रंग वेगळा दिसतो, आणि चिकटवल्यावर त्यावर उपाय नाही. जोडाच्या दोन्ही कडा उलट्या करून, मागच्या बाजूने, शिवणीच्या दोन ओळींमधून कापल्या. खाली पट्टी, पट्टीवर दोन भागांचा गोंद, मग कडा शेजारी शेजारी टेकवताना एकेक पातं बोटांनी बाहेर काढत पुढे सरकायचं. एकाने कडा धरायची, दुसऱ्याने पाती सोडवायची. हे हवा कोरडी असतानाच करावं. पांढऱ्या रेषा रंगवल्या नाहीत. हिरवी पट्टी कापून त्या जागी पांढऱ्या टर्फची चिकटवली.

वाळू गोल दाण्याची, धुतलेली, पूर्ण कोरडी सिलिका हवी. बांधकामाची चालत नाही, तिचे कोपरे गवत घासतात. चौरस मीटरला साधारण 20 किलो म्हणजे जवळजवळ अडीच टन झाली. पातळ थर टाकायचा, कडक झाडूने झुकावाच्या उलट दिशेने झाडायचं, पुन्हा थर, पाती वर दोन-तीन मिलिमीटर डोकावतील इतकं. तोंडाला मास्क लावावाच, सिलिकाची धूळ फुप्फुसांना वाईट.

उन्हाचं मात्र कोणी आधीच ठासून सांगत नाही. भर दुपारी हे गवत खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, पाय टेकवत नाही. पाणी मारलं तर थोडा वेळ निवतं, एवढंच. आमचा खेळ सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर. पानं रोज झाडतो, कारण ती वाळूत कुजली की निचऱ्याची भोकं बुजतात आणि शेवाळ धरतं. मधूनमधून गवत उलटं झाडून वाळू सारखी करावी लागते. "एकदा टाकलं की बघायला नको" हे खरं नाही.

चेंडू अडवायची उंच जाळी अजून लागायची आहे. तिच्या खांबांचे पाइप मात्र खोदाईच्या वेळीच काँक्रीटमध्ये पुरून घेतलेत, म्हणजे आता टर्फला हात लावावा लागणार नाही.