बिल्ल्याची पाठ

जुना बिल्ला हातात आला की माणूस आधी त्याचं तोंड बघतो आणि लगेच गोष्ट रचायला घेतो. खरं म्हणजे बिल्ला आधी उलटा करावा. तोंडावर संस्थेला जे मिरवायचं ते असतं. पाठीवर कारागिराने नुसतं काम उरकलेलं असतं, आणि काम उरकताना माणसाला खोटं बोलायला सवड नसते.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं एकदाचं ठरलं आणि माळे रिकामे करायची वेळ आली. त्यात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यातून हा निघाला. सोबत कोटाची बटणं, गंजलेला अडकित्ता, कुठल्याशा घड्याळाची चावी. बिल्ला गोल, काळ्या मिन्याचा, मधोमध पांढरा क्रूस. क्रूसाला आठ टोकं आणि चार बेचक्यांत चार बारीक प्राणी. भिंगाखाली धरल्यावर दोन सिंह निघाले. उरलेल्या दोघांना घोडे म्हणावं तर कपाळावर शिंग.

गणपतीत घरभर उकडीच्या मोदकांचा घमघमाट असणाऱ्या घरात क्रूस आला कुठून, यावर मग प्रत्येकाला मत सुचलं. मोठे दीर म्हणाले, "अगं, सेंट जॉनचा असणार. तलावपाळीच्या शाळेचा." तलावपाळीला सेंट जॉन द बॅप्टिस्टचं पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आहे आणि शेजारी त्याच नावाची शाळा. पण आमच्या घरातलं कुणी त्या शाळेत गेल्याचं ऐकिवात नाही. दीर स्वतः मो. ह. शाळेचे. पुतण्याने मोबाइलवर फोटो टाकून शोध घेतला. मोबाइलने आधी माल्टातल्या पर्यटकांसाठीचे ब्रोच दाखवले, मग जर्मन पदकं. त्याला दुसरं जास्त आवडलं. "काकू, हे वर्ल्ड वॉरचं आहे! जर्मन!" पुढचा आठवडाभर आमचे आजेसासरे कुणाचे तरी हेर होते. कळव्याच्या आत्याबाईंनाही फोटो पाठवला. त्या नव्वदीकडे झुकलेल्या, अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांच्या, हयात असलेल्या एकुलत्या एक लेक. त्यांनी उत्तर धाडलं, "कसलंसं फूल दिसतंय. छान आहे."

मी तोवर पाठीला लागले होते.

पाठीवर घासलेली अक्षरं होती, त्यातलं बर्मिंगहॅम तेवढं लागत होतं. इंग्लंडमधलं गाव वाचलं की आपल्याकडे लगेच किंमत वाढते, म्हणून ह्यांच्या आग्रहाखातर गोखले रोडवरच्या सराफाकडे गेलो. चांदी असती तर बर्मिंगहॅमचा छाप म्हणून बारीक नांगर सापडला असता. तिथलं चांदी पारखायचं कार्यालय 1773 पासून नांगर ठोकतं. समुद्र त्या गावापासून बराच लांब आहे, तरी. आमच्या बिल्ल्यावर नांगर नव्हता. सराफाने कसोटीवर एक रेघ ओढली आणि परत देत म्हणाले, "पितळ आहे, वहिनी. मोडीत काढायचा असेल तर भांडीवाल्याकडे जा." ह्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. किमती वस्तू घरात आली की ती कुणाच्या कपाटात राहणार, यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात.

बर्मिंगहॅम हे बिल्ल्याचं माहेर, एवढंच त्यातून कळतं. त्या गावातले कारखाने शाळांपासून क्लबांपर्यंत आणि पलटणींपासून रेल्वेपर्यंत सगळ्यांचे बिल्ले ठोकून देत. नांदायला कुठे गेला, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

मिना मात्र बोलका निघाला. खरा मिना म्हणजे रंगीत काचेची पूड, भट्टीत साधारण आठशे अंशांवर वितळवून धातूवर बसवलेली. काठाला एक टवका उडालेला होता, तो काचेसारखाच धारदार आणि चमकदार. अलीकडच्या स्वस्त बिल्ल्यांवर बहुतेकदा रंग किंवा राळ असते. तिचे पापुद्रे निघतात, टवके नाही. शंका असेल तर हळूच दाताला लावून बघावं, काच कडक आणि गार लागते. (हे मी केलं. दुकानात करू नये, लोक बघतात.)

आणि मग अडकवण्याची सोय. आपल्या साडीला लागते ती सेफ्टी पिन वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने 1849 मध्ये काढली आणि हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. कागदावर सेल्युलॉइड चढवलेला पत्र्याचा गोल बिल्ला 1896 चा, आणि त्याच वर्षी तो तिकडच्या निवडणुकीत छात्यांवर चढला. आमच्या लहानपणी निवडणूक आली की असे बिल्ले आम्ही गोळा करायचो. पक्ष कुठला याला महत्त्व नव्हतं, टाचणी शाबूत हवी. दोन पंख दाबून सोडवायची फिरकी असते, ती 1940 नंतर रुळली. आमच्या बिल्ल्याला यातलं काहीच नाही. मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची एक पितळी चकती, छोट्या दांडीवर उभी. ती कोटाच्या कॉलरवरच्या काजातून आत सरकवायची. म्हणजे बिल्ला पुरुषाचा, कोट घालणाऱ्याचा, आणि त्या काळातला जेव्हा कोटाचं काज खरोखर उघडं असे. ब्रिटिश बिल्ल्यावर मुकुट असला तर अजून सोपं जातं, कारण राजाचा मुकुट गोल कमानींचा आणि 1952 नंतर राणीचा आला तो मधे दबलेल्या कमानींचा. आमच्यावर मुकुट नव्हता. सिंह आणि शिंगवाला घोडा मात्र ब्रिटिश राजचिन्हातलेच, एक इंग्लंडचा, दुसरा स्कॉटलंडचा. जर्मन हेर तिथेच बाद झाले. पुतण्याने दोन दिवस धरून ठेवलं होतं.

एवढं सगळं कळूनही बिल्ला कसला, हे कळलं नव्हतं. ते कळलं तळमजल्यावरच्या नानांमुळे. नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, खोपटच्या डेपोतून. सामान उतरवताना ते चहाला वर आले होते. बिल्ला टेबलावर होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बिल्ला डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हा तर फर्स्ट एडवाल्यांचा. माझ्या सर्टिफिकेटवर हाच छाप आहे, वहिनी. लायसनला लागायचं ना ते." आणि बशीत चहा ओतायला लागले.

सेंट जॉन अँब्युलन्स. म्हणजे दीरांनी अर्धं बरोबर सांगितलं होतं, फक्त शाळेऐवजी भलत्याच वाटेने. जेरुसलेमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी अकराव्या शतकात एक इस्पितळ होतं. ते चालवणाऱ्या पंथाचा आश्रयदाता संत तोच, तलावपाळीच्या चर्चचा, बाप्तिस्मा देणारा जॉन. हा पंथ पुढे 1530 ते 1798 माल्टा बेटावर राज्य करत होता, म्हणून आठ टोकांच्या क्रूसाला माल्टाचं नाव आणि म्हणून मोबाइलला ते ब्रोच सुचले. नावाचा आणि क्रूसाचा वारसा इंग्लंडमध्ये पुन्हा उचलला गेला आणि 1877 मध्ये तिथे सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली. कारखाने, खाणी आणि रेल्वेत माणसं जखमी व्हायची आणि डॉक्टर येईपर्यंत दगावायची. तेवढा मधला वेळ निभावून नेणारी साधी माणसं तयार करायची, हा तिचा उद्योग. गंमत म्हणजे त्यातली मुख्य शिकवण, तिकोनी पट्टी, ही एस्मार्क नावाच्या जर्मन शल्यवैद्याने रुळवलेली. पुतण्याला हे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो."

अण्णा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, ठाण्याहून गाडीने जायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. जीआयपी, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, 1951 मध्ये मध्य रेल्वे झाली, पण आमच्याकडे बोलताना कुणी नाव बदललं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळायला प्रथमोपचार शिकलेला माणूस सक्तीचा झाला. रेल्वेतल्या लोकांना हे धडे त्याआधीपासून मिळत होते. पेटी कुणाच्या तरी ताब्यात असणारच. ती अण्णांच्या होती का?

आत्याबाईंना पुन्हा फोन लावला. या वेळी बिल्ल्याचं नावच काढलं नाही. "आत्या, अण्णांना पट्ट्या बांधता यायच्या का हो?"

पलीकडून आधी हसू आलं. "यायच्या? अगं, आम्हा भावंडांना त्यांनी सोडलं का! परीक्षा जवळ आली की रोज संध्याकाळी एकाचा तरी हात मोडायचा. माझा पाय मोडला होता एकदा. छत्री लावली पायाला, वरून खालपर्यंत बांधून काढला आणि गेले बाहेर कुणाशी बोलायला. आई ओरडतेय पानं वाढलीत म्हणून, आणि मी ओटीवर आडवी. उठणार कशी? शेवटी आईने विळीवर पट्टी कापली. तिच्या जुन्या लुगड्याचीच होती. त्यावरून दोघांचं जे काय झालं..."

मोडलेल्या हाडाला आधार म्हणून छत्री, काठी, केरसुणीचा दांडा, हाताशी येईल ते बांधावं, असं त्या वर्गात शिकवतच. फोटो पाहून त्यांना फूल दिसलं त्यात नवल नाही. बिल्ला कोटावर असायचा आणि कोट घराबाहेर जायचा. घरात राहायची ती छत्री. आम्ही मात्र नातेवाइकांना फोटो पाठवत बसलो होतो.

बिल्ला आता पुतण्याकडे आहे. हेर गेल्याचं दुःख छत्रीने भरून निघालं असावं, कारण डिसेंबरमधल्या स्वतःच्या रिसेप्शनला तो लावायचं त्याने ठरवलंय. ब्लेझर महागातला घेतला, कॉलरवर सुरेख काजही आहे. बिल्ला घालायला गेलो तर चकती आत जाईना. काज नुसतं दोऱ्याने काढलेलं, दिखाऊ. खाली कापड अखंड. रामवाडीच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे घेऊन गेलो. त्याने नखाने काज खरवडलं, बिल्ला उलटा करून चकती बघितली, आणि म्हणाला, "फोडून देतो की. पन्नास रुपये. पण कोट परत घेणार नाहीत हां दुकानवाले."