‘गेट’च्या पुढे काय आलंय?

‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे (फाटकाचे नव्हे) अर्थ पाठ करायला बसू नका, डिक्शनरीतली यादी संपता संपत नाही. त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं, विशेषण आलं तर होणं, ठिकाण आलं तर पोचणं. एवढं बहुतेक सगळ्यांना सवयीने जमतं.

गोची होते ती ‘करवून घेणं’ इथे. मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं तरी कात्री कुणाच्या हातात होती हे कुणी विचारत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हणालात, की ते तुम्ही स्वतःच कापले असा अर्थ निघतो. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवं: आधी गॉट, मग वस्तू, शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप. ‘गॉट कट माय हेअर’ केलंत की वाक्य बिघडलंच. वस्तूऐवजी माणूस आला तर ‘टु’ लागतो: ‘आय गॉट हिम टु साइन’. ‘मेड हिम साइन’मध्ये तो नको. शिवाय ‘मेड’मध्ये भाग पाडणं आहे, ‘गॉट’मध्ये बहुधा गळ घालून राजी करणं.

‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ हे थेट ‘कळत नाहीये’वरून आलेलं. कळणं या अर्थी ‘गेट’ला सहसा ‘इंग’ लावत नाहीत, ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणा. ‘आय ॲम नॉट गेटिंग अ सिग्नल’ मात्र बरोबर, कारण तिथे सिग्नल मिळण्या-न मिळण्याची क्रिया त्या क्षणी चालू आहे. दरमहाच्या पगाराला साधं ‘आय गेट’ पुरतं. औपचारिक अर्जात मात्र ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’च शोभतं.

हा शब्द आला जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतल्या ‘गेटा’वरून. 9व्या शतकात डेन्मार्ककडचे डेन लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्थायिक झाले, त्यांच्या भाषेची ही देणगी. जुन्या इंग्रजीत त्याचा भाऊबंद होता, पण बहुतेक जोडशब्दांतच. ‘फर्गेट’ आणि ‘बिगेट’ हे त्याचेच वंशज. तिथला ‘ग’ तेव्हा ‘य’सारखा उच्चारत, आजचा कडक ‘ग’ नॉर्सच्या प्रभावाचा.

‘गेट’च्या ‘गॉटन’ या तिसऱ्या रूपाला अमेरिकनांचं खूळ म्हणून नाक मुरडणं तर अगदीच चूक. ते रूप इंग्लंडातूनच तिकडे गेलं. ब्रिटनमध्ये मागे पडलं, तरी ‘फर्गॉटन’ तिथेही टिकलं. अमेरिकेत ‘हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मिळाली किंवा घेतली.