शमुवेल उर्फ सॅम्युएल : चर्चच्या एफसीआरए नूतनीकरणाचा माझा अनुभव

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन कमिटीचा मी खजिनदार. आदिवासी भागातलं एक वसतिगृह आणि त्याच बाजूला काम करणारे दोन सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, एवढं आमचं सेवाकार्य. वसतिगृहाला परदेशातल्या एका जुन्या मंडळीकडून मदत येते, म्हणून ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी. ती पाच वर्षांची असते. मुदत संपली की नवा पैसा घेता येत नाही आणि खात्यात पडलेल्या पैशालाही हात लावता येत नाही. आमची संपली आणि चार महिने तशीच राहिली. कारण काय, तर सेक्रेटरींचं नाव.

ऑनलाइन अर्ज, म्हणजे एफसी-३सी, एका दुपारी भरून झाला. दर्पण आयडी, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, होता, परदेशी मदतीसाठी सक्तीचं असलेलं दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं २०२१ मध्येच उघडलेलं होतं. सगळ्या पदाधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली. त्या रात्री शांत झोपलो.

आमचे सेक्रेटरी बहात्तर वर्षांचे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्यांचं नाव शमुवेल, कारण मराठी बायबलात त्या संदेष्ट्याचं नाव तसंच छापतात. आधारवर सॅम्युएल. पॅनवर शामुएल, कारण एजंटाला तसं ऐकू आलं. ट्रस्टच्या रेकॉर्डला शमुवेल, पण त्याचं इंग्रजी भाषांतर करून देणाऱ्याने चौथंच स्पेलिंग टाइप केलं. चर्चमध्ये सगळे त्यांना शमूभाऊ म्हणतात. ते कुठे कागदावर आलं नाही हे नशीब.

एफसीआरए कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीपासून पदाधिकाऱ्यांचं आधार सक्तीचं आहे, त्यामुळे हे चारही अवतार एकाच अर्जात समोरासमोर आले. 'नावात तफावत, खुलासा करावा' असा ईमेल आला. तो आम्हाला सात आठवड्यांनी कळला. पोर्टलवर नोंदवलेला ईमेल आमच्या आधीच्या पाळक साहेबांचा, म्हणजे पाद्रींचा, होता आणि त्यांची बदली होऊन तीन वर्षं झाली होती. पाळक बदलले की पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेलही त्याच आठवड्यात बदला, किंवा सरळ ट्रस्टच्या नावाचा एक ईमेल काढून ठेवा. हे मी कमिटीच्या मीटिंगमध्ये आधी बोललो होतो. मिनिट्स बुकात आहे, कुणीही पाहावं.

मग ट्रस्टच्या नोंदीतलं नाव दुरुस्त करायला एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, पाच वर्षांनी पुन्हा तिथेच जायचं आहे. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला मूळ ठराव हवा. तिसऱ्या खेपेला ठराव पाहून क्लार्क म्हणाले, "इथे शमुवेल, आधारवर सॅम्युएल. ही दोन माणसं दिसतायत."

मी तयारीने गेलो होतो. पिशवीतून एक मराठी आणि एक इंग्रजी बायबल काढलं, दोन्हीत पहिले शमुवेल उघडलं, टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणालो, "हे पाहा, पुस्तक तेच, अध्याय तोच, नाव एकच." त्यांनी पानं अगदी जपून उलटली, मग दोन्ही पुस्तकं मिटून माझ्याकडे सरकवली. "बरोबर आहे हो. पण यावर शिक्का कुठाय?"

शमूभाऊ छत्री मांडीवर घेऊन बाजूला बसले होते. म्हणाले, "अहो, मी समोर बसलोय की."

"तुम्ही बसलायत, काका. पण कागदावर दोघं आहेत."

चौथ्या खेपेला पुन्हा साहेब मीटिंगला. मी जिन्यात उभा राहून जे काही पुटपुटलो ते खजिनदाराला शोभणारं नव्हतं. पाचव्या खेपेला त्याच क्लार्कने, बहुधा माझं तोंड पाहून, वाट दाखवली. "मध्ये 'उर्फ' टाका ना." नोटरीसमोर एक प्रतिज्ञापत्र आणि कमिटीचा एक ठराव, दोन्हीत चारही नावं 'उर्फ'ने जोडून, ही सगळी एकच व्यक्ती. त्या ठरावात शमूभाऊ पोलिसांच्या यादीतल्यासारखे दिसतात. ते स्वतः हसले. मला त्या दिवशी हसू आलं नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

इथे एक महत्त्वाचं. नावं जुळवताना आधारचं स्पेलिंग धरा आणि बाकीचं त्याप्रमाणे बदला, उलटं करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि शमूभाऊंनी एक संधी वडिलांच्या नावासाठी आधीच वापरली होती. आम्ही पॅन दुरुस्त करून घेतलं.

मधल्या चार महिन्यांत वसतिगृहाचं काय, हे विचाराल. कापणीच्या सणाला लोकांनी धान्य, कोंबड्या, भाज्या आणल्या, उपासनेनंतर अंगणात लिलाव झाला. एक लाल भोपळा तीनदा विकला गेला. घेणारा प्रत्येक जण तो परत टेबलावर ठेवायचा. तिसऱ्यांदा २,१०० रुपयांना. त्या भोपळ्याची पावती मी स्वतःच्या हाताने फाडली.

त्या क्लार्कने एकदा सहज विचारलं होतं, "तुमचं सगळं बाहेरच्याच पैशावर ना?" नाही. दोन्ही सुवार्तिकांचा पगार पहिल्यापासून इथल्या दानातून जातो. भारतीय माणसं आणि भारतीय पैसा हे धोरण घेऊन नॅशनल मिशनरी सोसायटी सेरामपूरला १९०५ साली निघाली, तेव्हापासूनचा हा विचार आहे. आणि बाहेरून आलेल्यांना तरी कागदांनी कुठे सोडलं? अमेरिकन मराठी मिशनचे हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तर कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला होता. गव्हर्नर नेपियन यांनी शेवटी राहू दिलं. त्यांना किती खेपा घालाव्या लागल्या कोण जाणे.

आठवलं म्हणून सांगतो. अर्ज मुदतीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही केला तेव्हा दीड महिना उरला होता, ती चूक आमचीच. परदेशी मदतीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा आता वीस टक्के आहे, पूर्वी पन्नास होती, आणि हिशेबनीस, वकील वगैरेंची फी त्यातच धरतात. परदेशी मदतीतला वाटा दुसऱ्या संस्थेला द्यायची जुनी सवय असेल तर २०२० पासून ते पूर्ण बंद आहे, दुसऱ्या संस्थेचीही नोंदणी असली तरी.

प्रमाणपत्र आलं ते एका मंगळवारी, ईमेलने, या वेळी ट्रस्टच्या पत्त्यावर. मी पहिला फोन शमूभाऊंना केला. ते म्हणाले, "कुठल्या नावाने आलंय?" ट्रस्टच्या नावाने, म्हटलं.

आता वार्षिक विवरण, एफसी-४. त्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर, म्हणजे मंडळी घरोघरी कॅरल्स म्हणत फिरत असते आणि मी ऑडिटरच्या दारात बसलेला असतो. या वर्षी व्हाउचरची फाइल सप्टेंबरातच त्यांच्याकडे देऊन आलोय. पोचपावती घेतली आहे.