मोठे इंजेक्टर आणि त्यांच्यामागची सगळी वरात: माझा अनुभव

पुण्याजवळ पौडच्या पुढे एका मित्राचं शेत आहे. पावसाळ्यात आमच्या सात-आठ गाड्या तिथे जमतात. लाल चिखल, मधे एक ओढा आणि शेवटी दगडी चढ. माझी स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप, २.२ लिटरचं एमहॉक इंजिन, १२० अश्वशक्ती आणि २९० न्यूटन मीटर टॉर्क. त्या चढावर ती दर वेळी शेवटच्या वीस फुटांत दम सोडायची. दोन पावसाळे हे बघितलं आणि ठरवलं, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर मोठे करायचे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगतो, आणि ती कळकळीने सांगतो. रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर हे करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. शिवाय पीयूसी आहे. बीएस-४ या सरकारी प्रदूषण निकषातल्या डिझेल गाड्यांसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, ती अशी गाडी पाळेलच याची खात्री कोण देणार? माझी पिकअप आता ट्रेलरवर चढून जाते आणि खासगी जमिनीवरच उतरते.

भोसरी एमआयडीसीत एक डिझेल लॅब आहे. तिथले काका तीस वर्षं पंप आणि नोझल, म्हणजे इंजेक्टरचं फवारणारं टोक, हेच करतायत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोझल सगळ्यात शेवटी बसवायचं असतं. आधी हवा बघ, मग प्रेशर." मी म्हटलं, काका, तुम्ही नोझल करून द्या, बाकीचं मी हळूहळू करतो. त्यांनी दोनदा विचारलं आणि मग केलं. तीस टक्के जास्त फ्लोची नोझल, चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून एकमेकांशी जुळवलेले. काचेच्या चार नळ्यांत डिझेल एकाच रेषेपर्यंत चढताना बघायला फार सुंदर वाटतं.

गाडी सुरू केली आणि आवाज बदललेला. आयडलिंगला खडखड. कारण नंतर समजलं. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, नोझल मोठं झालेलं माहीतच नसतं. त्याला एवढंच ठाऊक, की अमुक प्रेशरला इंजेक्टर अमुक मायक्रोसेकंद उघडा ठेवला की अमुक मिलिग्रॅम डिझेल जातं. मुख्य फवाऱ्याच्या आधी जो छोटा पायलट फवारा येतो, तोही त्यामुळे मोठा झाला आणि इंजिन ठोकायला लागलं.

शेतावर नेली. चढाला पाय दिला आणि मागे काळा पडदाच पडला. मागचा मित्र हॉर्न वाजवत थांबला. गाडी जोरात उठली हे खरं, पण चढाच्या मध्यावर चेक इंजिन लागलं आणि सगळी ताकद गेली. स्कॅनर लावला तर कोड पी००८७, म्हणजे रेलमधलं, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं, प्रेशर कमी. ईसीयू १६०० बार मागत होता, मिळत होते जेमतेम १२५०. पंप पुरवणार किती? भोकं मोठी झाली, पंप तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर मागवला. हे सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं. याचा थर्मोकपल, म्हणजे ताप मोजणारी सळी, टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून बसवायचा. त्यासाठी मॅनिफोल्ड खाली उतरवून घ्या, नाहीतर ड्रिलचा चुरा थेट टर्बाइनमध्ये जातो. मीटर लावून चढाचा पहिला अर्धा भागच चढलो आणि काटा ८२० अंशांवर. मी लगेच पाय काढला. पिस्टन ज्याचा असतो ते ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो त्याला खालून ऑइलचा फवारा मिळतो आणि तो ताप क्षणाक्षणाचा असतो म्हणून. तो ताप सलग राहिला तर पिस्टनची कड जाते. आमच्यात ७०० च्या आसपास पाय सैल करायचा असा दंडक आहे आणि मी तो आता काटेकोर पाळतो.

मी परत भोसरीला गेलो. काका काही बोलले नाहीत. कामांचा क्रम त्यांनी लिहूनच ठेवला होता: हवा, प्रेशर, क्लच, मॅपिंग (ईसीयूतले तक्ते बदलणं).

हवेपासून सुरुवात केली. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण डिझेल इंजिनात ते नीट मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून धूर नको असेल तर अठरा-वीस किलो तरी द्यावी लागते. काळा धूर म्हणजे तुमचं अर्धवट जळलेलं डिझेल आहे. पैसे देऊन भरलेलं. टर्बोचं हाउसिंग मूळचंच ठेवलं, आत मोठं कॉम्प्रेसर व्हील बसवून बॅलन्स करून घेतलं. पूर्ण मोठा टर्बो घातला असता तर खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी झाली असती आणि चिखलात तर खालचीच ताकद लागते. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर जाड घेतला. बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढल्यावर पहिल्याच फेरीत एक होज निसटला, म्हणून सगळ्या साध्या क्लिप काढून टी-बोल्ट क्लॅम्प लावले. नंतर पाइपात कॉम्प्रेसरची हवा भरून साबणाचं पाणी फिरवलं, तर आणखी दोन जागी बुडबुडे.

बूस्ट वाढवायचा तर हेडचाही, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचाही, विचार हवा. हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात, एकदा काढले की परत वापरायचे नाहीत. नवे बोल्ट, नवं गॅसकेट, आणि हेडची सपाटी मोजून घेतली.

मग प्रेशर. आधी लो प्रेशर बाजू. टाकीपासूनची लाइन मोठी केली, इलेक्ट्रिक फीड पंप घातला, वॉटर सेपरेटरसकट मोठा फिल्टर. हाय प्रेशर पंपाला डिझेलच वंगण असतं. मागून पुरेसं आलं नाही तर तो स्वतःलाच खातो आणि त्याचा धातूचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरांत जातो. एका जुन्या पंपातला तो चमकणारा चुरा काकांनी मला बोटावर घेऊन दाखवला होता, तेव्हापासून फिल्टरच्या बाबतीत मी कंजुषी करत नाही. हाय प्रेशर पंप जास्त डिस्प्लेसमेंटचा बसवला आणि पुन्हा लॉग घेतला. १६०० मागितले, १५८० मिळाले.

क्लच मात्र मी टाळत होतो. डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर, चौथ्या गिअरला आरपीएम चढले, रोलर तिथेच, आणि केबिनमध्ये जळका वास. मूळ क्लच २९० न्यूटन मीटरसाठी बनवलेला, त्याच्याकडून ४०० ची अपेक्षा करणं चूकच. नाना पेठेत दोन दिवस फिरून जड प्रेशर प्लेट आणि सिरॅमिक बटणांची प्लेट मिळवली. पेडल कडक झालंय, आणि हळू सोडताना गाडी थोडी धडधडते.

मॅपिंग सगळ्यात शेवटी. नोझलचा खरा फ्लो काकांनी वेगवेगळ्या प्रेशरला मोजून दिला, मॅपिंगवाल्या मुलाने त्यावरून उघडण्याच्या वेळेचा तक्ता नव्याने भरला, पायलट छोटा केला आणि हवेनुसार डिझेलला लगाम घातला. खडखड त्याच दिवशी गेली. डायनोवर चाकांना आधी ९८ अश्वशक्ती होती, आता १४३ आहे. नोझलला जेवढे पैसे गेले त्याच्या पाचपट या बाकीच्या कामांना लागले. महिने लागले सात.

या पावसाळ्यात तोच चढ. ओल्या दगडावर दुसऱ्या गिअरमध्ये, काटा ६८० च्या पुढे गेला नाही, मागे हलकी राखाडी रेघ. वर पोचल्यावर मी इंजिन लगेच बंद केलं नाही. टर्बो थंड व्हायला दोन मिनिटं दिली आणि तेवढ्यात काकांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "रिटर्न तपासलंस का?" रिटर्न म्हणजे इंजेक्टरांतून टाकीकडे परत जाणारं जादा डिझेल. परत आल्यावर चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला बाटल्या लावून तपासलं, चारही सारख्या भरल्या.

मूळ नोझल, मूळ क्लच आणि ईसीयूची मूळ फाइल मी जपून ठेवली आहे. पिकअप कधी पुन्हा रस्त्यावर आणायची झालीच तर आरसीवर जशी आहे तशी तिला परत करता यावी म्हणून. नोझल तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात आहेत आणि प्रत्येकाला सिलिंडरच्या नंबरची चिठ्ठी बांधली आहे.